डिम्फनाच्या झुडपाखालचं बाळ

समुद्रकाठच्या कूसमोर गावात तीन दिवसांची सुट्टी कशी घालवायची, हे मला विचारा! पर्यटन कचेरीतल्या पोरीला विचारू नका. ती तुमच्या हातात एक रंगीत घडीपत्रक ठेवेल आणि परत नखं रंगवायला लागेल. मी गॉब्नेट. धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं पाहुणेघर आहे, आणि माझ्याकडे उतरलेल्या माणसाला मी बसू म्हणून देत नाही. पहिल्या संध्याकाळी धक्क्याच्या भिंतीवर पाय सोडून तळलेले मासे आणि चिप्स. दुसऱ्या दिवशी बोटीनं बेटावर सील बघायला, दुपारी कड्यावरच्या पायवाटेनं दीपगृहापर्यंत. रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर खडकांवरून समुद्रात उडी, आणि दात वाजायला लागले की शेवाळाच्या गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसायचं. संध्याकाळी पबमध्ये फिडलवर वाजवलेली गाणी. असा बेत अख्ख्या काउंटीत दुसऱ्या कुणाला जमत नाही, आणि हे मी उगाच म्हणत नाही.

या बेताला फक्त एक गोष्ट लागते, कोरडं आभाळ. आणि आमच्या रस्त्यावर कोरडं आभाळ फक्त डिम्फनाकडे असतं.

डिम्फना समोर राहते. तिचंही पाहुणेघर आहे. दारावर 'सागरदर्शन' अशी पाटी आहे. न्हाणीघरातल्या टबावर चढून मान वाकडी केली की सागराचं दर्शन होतं. मला डिम्फनाचा हेवा वाटतो, हे मी लपवत नाही. तिच्या खिडकीतल्या जिरेनियमच्या लाल फुलांचा वाटतो. चहाबरोबरच्या तिच्या फुगलेल्या स्कोन-पावांचा वाटतो. तिचा नवरा वारला तेव्हा अंत्ययात्रेला रांग थेट चर्चपासून धक्क्यापर्यंत गेली होती, त्या रांगेचाही मला हेवा वाटला होता. माझा कॉर्मक गेला तर निम्मीसुद्धा माणसं येणार नाहीत. हे मी कॉर्मकला सांगितलंसुद्धा, तर म्हणाला, "बघतो काय करता येतं ते."

पण सगळ्यात जास्त हेवा तिच्या बाळाचा.

प्रागचं बाळ आमच्याकडे घरोघरी असतं. बाळ येशूची हातभर मूर्ती, अंगात लाल झगा, डोक्यावर मुकुट. लग्नाच्या नाहीतर जत्रेच्या आदल्या दिवशी ती बाहेर झुडपाखाली ठेवायची, की दुसऱ्या दिवशी पाऊस पडत नाही. फादर लेसी याला अंधश्रद्धा म्हणतात. त्यांच्या भाचीच्या लग्नाला त्यांच्याच अंगणात दोन बाळं उभी होती. आता यातली खरी मेख अशी, की बाळाचं डोकं एकदा तुटलेलं असावं लागतं. तुटून परत चिकटवलेलं बाळच नेटानं काम करतं. आणि डोकं अपघातानं तुटायला हवं. मुद्दाम तोडलंत तर उपयोग शून्य, वर पाप लागतं ते वेगळं.

डिम्फनाचं बाळ खिडकी आपटून खाली पडलं आणि त्याचं डोकं उडालं. ती खिडकी तिनं कशासाठी उघडली होती? माझ्यावर ओरडायला! म्हणजे त्या अपघातात निम्मा वाटा माझा आहे. पण तेव्हापासून ऊन पडलं की ती चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून हसते आणि म्हणते, "काल आमचं बाळ बाहेर होतं ना." माझ्याकडे बाळ आहे ते माझ्या आईचं. दोघींची बाळं एकाच दुकानातली, एकाच साच्यातली. फक्त माझ्या बाळाची मान आईसारखीच ताठ. तिला कधी तडा म्हणून गेला नाही.

तुम्ही म्हणाल, अगं गॉब्नेट, रस्ता एक, आभाळ एक. तिच्याकडे ऊन पडलं म्हणजे तुझ्याकडेही पडलंच की. हे मला कळतं, मी काही वेडी नाही. पण ते तिचं ऊन असतं! माझे पाहुणे तिच्या उन्हात फिरतात, आणि घरी जाताना तिचे आभार मानतात.

एवढ्यावरही मी तग धरला असता, पण प्रश्न टूही भगिनींचा होता. थोरली हॅनोरा, धाकटी युनिस. दोघी डब्लिनच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, स्वभावानं लोण्यासारख्या. दर ऑगस्टच्या लांब सुट्टीला त्या माझ्याकडेच येतात, आणि दरवर्षी तिन्ही दिवस पाऊस कोसळतो. बिचाऱ्या शेगडीपाशी पत्ते कुटत बसतात, माझे स्कोन खातात, आणि सोमवारी 'फार छान झालं' म्हणून निघून जातात. त्यांचा सभ्यपणा बघून मला रडू येतं. गेल्या वर्षी मात्र मी खिडकीतून बघितलं, तर दोघी डिम्फनाच्या काचेच्या खोलीत बसल्या होत्या. हातात चहाचे कप, आणि चक्क हसत होत्या! दुसऱ्या दिवशी दुकानात डिम्फना मला म्हणाली, "बिचाऱ्या तीन दिवस घरात कोंडून आहेत म्हणे."

माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते वर्षभर थांबलं नाही. यंदा पाऊस पडला तर टूही भगिनी समोरच्या दारातून आत जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. तेव्हा मी ठरवलं. यंदा ऊन पडेल, आणि ते माझ्या बाळाचं असेल. त्यासाठी बाळाला एक छोटासा अपघात व्हायला हवा होता.

अपघात घडवून आणायचा नाही, फक्त त्याला संधी द्यायची, असा माझा हिशेब होता. आधी मी बाळाला जिन्याच्या कठड्यावर ठेवलं. पाहुणे सुटकेसा आपटत जा-ये करत होते. शेजारचा आरसा फुटला, बाळ जागचं हललं नाही. मग धुलाई यंत्रावर ठेवलं. यंत्र गरागरा फिरायला लागलं तसं बाळ नाचत नाचत कडेपर्यंत गेलं, तिथे थांबलं, आणि नाचत परत मागे आलं. मांजराच्या आवडत्या फळीवर ठेवलं. मांजरानं माझी चिनी मातीची किटली, दोन बश्या आणि लग्नातला फुलदाण्यांचा जोड खाली लोटला, बाळाला अंग घासून घेतलं आणि त्याच्या पायाशी झोपून गेलं.

शेवटी मी हुकमी एक्का काढला. कॉर्मक! या माणसाच्या हातून आजवर एक कप धड सुटलेला नाही. दाराची मूठ लावायला घेतो आणि दार काढून बाजूला ठेवतो. मी त्याला नुसतं म्हटलं, "बाळावरची धूळ पूस रे जरा." आणि शेजारच्या खोलीत जाऊन कानांत बोटं घातली. बराच वेळ झाला तरी आवाज येईना. डोकावून बघते तर काय, कॉर्मकनं बाळाला दुपट्यातल्या पोरासारखं कुशीत घेतलं होतं आणि तो फुंकर मारून मारून त्याच्या झग्याच्या चुण्या साफ करत होता.

"सासूबाईंची आठवण आहे," तो हळवा होऊन म्हणाला. "हिला काही होता कामा नये."

इतक्या वर्षांच्या संसारात मला या माणसाचा एवढा राग कधी आला नव्हता. घरातलं निम्मं सामान फुटलं, बाळ मात्र अखंड राहिलं, आणि टूही भगिनी शुक्रवारी दुपारी छत्र्या झटकत दारात उभ्या राहिल्या.

मी ताठ मानेचं ते बाळ तसंच फुशियाच्या झुडपांच्या कुंपणाखाली ठेवलं. शनिवारी पाऊस शुक्रवारपेक्षा वाढला. दोघी शेगडीपाशी बसल्या, पत्त्यांचा डाव पडला, स्कोन संपले, मी आणखी केले. दर थोड्या वेळानं मी आत जाऊन पावसाबद्दल माफी मागत होते. हॅनोरा म्हणाली, "तू नको गं जिवाला लावून घेऊस, गॉब्नेट. आम्ही अगदी मजेत आहोत." मरणाऱ्या माणसाची समजूत काढतात ना, तसा मला तिचा सूर वाटला.

दुपारी मी पडदा सारून बघितलं, तर डिम्फनानं तिचं बाळ आणून तिच्या झुडपाखाली उभं केलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे उद्या ऊन पडणार, ते तिचं असणार, ती मिस्सेनंतर पायऱ्यांवर हसणार, आणि टूही भगिनी पुढच्या वर्षी तिच्याकडे जाणार. पाऊस पडला तरी जाणार! दोन्हीकडून माझंच मरण. यातून वाट एकच होती. तिचं बाळ माझ्या कुंपणाखाली यायला हवं होतं.

शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला सगळी गल्ली चर्चमध्ये असते. मी कपाळाला ओला रुमाल बांधून पडून राहिले, आणि कॉर्मक टूही भगिनींना छत्रीखाली घेऊन गेल्याबरोबर उठले. माझं बाळ कोटात लपवलं, रस्ता ओलांडला, तिचं उचललं, माझं त्या जागी ठेवलं. भर उजेडात, पण बघायला कुणी नव्हतं. एक मेंढी होती, तिनं मान फिरवली. डिम्फनाच्या बाळाच्या मानेभोवती पिवळ्या गोंदाची रेघ होती. मी त्याला माझ्या कुंपणाखाली नीट उभं केलं आणि परत डोकं दुखवत पडले.

रविवारी सकाळी डोळे उघडले तर खोलीत काहीतरी चमकत होतं. ऊन! साधंसुधं नव्हे, स्पेनमधून चोरून आणल्यासारखं रणरणीत ऊन. समुद्र निळाशार, आणि ढग औषधालाही नाही. मी टूही भगिनींना अंथरुणातून उपटून काढलं. त्या पत्ते काढत होत्या, ते मी ओढून घेतले. "आज सगळं बघायचं," मी म्हटलं. "बोट, सील, कडा, दीपगृह, समुद्र, शेवाळ. सगळं!" दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आनंदानं त्यांना शब्द सुचत नव्हते, असं मला वाटलं.

फाटकापाशी त्यांना निरोप देत होते, तेवढ्यात समोरून डिम्फना आली. नवा फुलाफुलांचा झगा, आणि चेहऱ्यावर ते हसू.

"ऊन आवडलं ना?" ती टूही भगिनींना म्हणाली. "आमच्या बाळाची कृपा."

मी जीभ चावली. इतकी घट्ट की रक्ताची चव लागली. ते बाळ रात्रभर माझ्या कुंपणाखाली होतं, ऊन माझ्या अंगणात तयार झालं होतं, आणि हे सांगायची सोय नव्हती! चोरीचं ऊन मिरवता येत नाही, हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. डिम्फनानं झुडपाखाली हात घातला आणि बाळ काढून दाखवलं. मग ती थबकली. तिनं बाळाची मान या बाजूनं बघितली, त्या बाजूनं बघितली, आपल्या झग्याच्या टोकानं पुसून बघितली. तिचा चेहरा पांढरा पडला.

"सांधा गेला," ती म्हणाली. "मान भरून आली. हा चमत्कार आहे."

आणि ती रस्त्यातच गुडघ्यांवर बसली.

टूही भगिनी बोटीवर गेल्या तोपर्यंत बेकरीत बातमी पोचली होती. मिस्सा सुटली तशी सगळी माणसं थेट डिम्फनाच्या अंगणात. दुपारपर्यंत शेजारच्या गावांतून गाड्या यायला लागल्या. धक्क्यापर्यंत रांग लागली, तिच्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेपेक्षा लांब! मी पडद्याआडून बघत होते. माझ्या आईचं बाळ डिम्फनाच्या जिरेनियममध्ये बसवलं होतं, आणि म्हाताऱ्या बायका त्याच्या झग्याला जपमाळा लावत होत्या. माझा टेलिफोन वाजला. कॉर्कहून कुणी बाई होत्या, त्यांना चमत्कार बघायला यायचं होतं आणि डिम्फनाकडे खोली मिळत नव्हती. मी उत्साहानं म्हटलं, माझ्याकडे आहे ना. त्या म्हणाल्या, "नको. तुम्ही फक्त त्यांना सांगा, नाताळपर्यंतची कुठलीही तारीख चालेल."

मी जळून कोळसा झाले होते, तरी संध्याकाळी रांगेत उभी राहिले. न जाऊन भागणार नव्हतं. गल्लीतली एकटी मीच गेले नाही, तर लोक म्हणाले असते, गॉब्नेटच्या पोटात दुखतंय. कॉर्मक माझ्यासोबत होता. फादर लेसी कोपऱ्यात कपाळ पुसत होते, कारण आता बिशपसाहेबांना काय कळवायचं, हा पेच त्यांच्यासमोर होता. तेवढ्यात स्थानिक वर्तमानपत्राच्या माणसाला फोटो हवा झाला. बाळाला उजेडात धरायला कुणीतरी उंच माणूस पाहिजे होता. डिम्फनानं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मोठ्या मनानं बाळ कॉर्मकच्या हातात दिलं.

कॉर्मकनं ते दोन्ही हातांनी घेतलं, उंच धरलं, हसला, आणि शिंकला.

बाळ पायरीवर पडलं. डोकं घरंगळत फादर लेसींच्या बुटापाशी जाऊन थांबलं. अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशी मी किंचाळले, "माझ्या आईचं बाळ!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"तुझ्या आईचं कसं?" डिम्फनानं शांतपणे विचारलं.

मी काहीतरी सावरून घेतलं असतं. म्हटलं असतं, आईच्या बाळासारखं दिसतं, आईची आठवण झाली. पण देवानं मला नवरा प्रामाणिक दिला आहे. कॉर्मकचा चेहरा एकदम उजळला.

"तरीच!" तो म्हणाला. "सकाळी आपल्या कुंपणाखालचं बाळ बघितलं, तर त्याच्या मानेला गोंद होता. म्हटलं, जमलं वाटतं गॉब्नेटला शेवटी. किती दिवस मागे लागली होती बिचारी."

फादर लेसींनी मोठा सुस्कारा सोडला. बिशपसाहेबांचं पत्र टळलं होतं. रांग पांगली. कुणी ओरडलं नाही, याचंच मला जास्त लागलं. डिम्फना माझ्याबरोबर रस्ता ओलांडून आली, तिचं बाळ उचललं, त्याच्या मानेवरून बोट फिरवलं.

"तुला माझं ऊन हवं होतं, तर मागायचंस, गॉब्नेट," ती म्हणाली. "मी दिलं नसतं. पण मागायचंस."

घरात आले तर दिवाणखान्यात पडदे ओढलेले. टूही भगिनी अंधारात बसल्या होत्या, तोंडावर ओले रुमाल. हॅनोराचं नाक उकडलेल्या खेकड्यासारखं लाल झालं होतं. युनिसला बोट लागली होती, कड्यावर पाय मुरगळला होता, आणि तिच्या केसांत अजून शेवाळ होतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. बाळ, मांजर, डोकेदुखी, सगळं. म्हटलं, तुम्ही डिम्फनाकडे जाऊ नये म्हणून केलं हो.

"डिम्फनाकडे?" हॅनोरानं रुमाल बाजूला केला. "आम्ही कशाला जाऊ तिकडे?"

"गेल्या वर्षी बसला होतात ना तिच्या काचेच्या खोलीत."

"पत्त्यांतली राणी हरवली होती. तिच्याकडे दुसरा जोड मागायला गेलो होतो." तिनं युनिसकडे बघितलं. युनिसनं मान हलवली, म्हणजे सांगून टाक. "गॉब्नेट, आम्ही इथे पावसासाठी येतो गं. डब्लिनला सुट्टी लागली की लोक म्हणतात हे करा, ते बघा, इथे चढा, तिथे पोहा. तुझ्याकडे आलं की मेला पाऊस पडतो आणि कुणी काही करायला लावत नाही. शेगडी, पत्ते, तुझे स्कोन. वर्षभर आम्ही त्याची वाट बघतो."

माझे स्कोन! डिम्फनाचे नव्हे! इतक्या वर्षांत मला स्वतःचा हेवा वाटायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि ती मी उन्हात वाळत घातली होती.

"पुढच्या वर्षी येऊ," हॅनोरा म्हणाली. "एकदा बघू. पण परत असं ऊन पडलं, तर मात्र आम्ही डोनेगॉलला जाऊ. तिथे पावसाची खात्री आहे म्हणतात."

म्हणून हे वर्षभर मी शहाण्यासारखी वागले. डिम्फनाला माझे स्कोन नेऊन दिले. तिच्या पाया पडून सांगितलं की बाई, या सुट्टीला तुझं बाळ घरात ठेव. तिनं ते मान्यही केलं, कारण पाऊस फुकट देऊन टाकायला तिची ना नव्हती. आईच्या बाळाचे दोन तुकडे मी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकले. पत्त्यांचे दोन नवे जोड आणले. हवामानखात्यानंसुद्धा मुसळधार पाऊस सांगितला. सगळी तयारी चोख होती.

आज टूही भगिनी यायच्या. सकाळी उठले तर खोलीत काहीतरी चमकत होतं. धावत खिडकीशी गेले. समुद्र निळाशार, ढग औषधालाही नाही. समोर डिम्फनाचं झुडूप बघितलं, त्याच्याखाली काही नव्हतं. डिम्फना तिच्या खिडकीत उभी होती आणि माझ्या कुंपणाकडे बोट दाखवत होती.

मागून कॉर्मक चहा घेऊन आला. एवढा खूश मी त्याला कधी बघितला नव्हता, आणि कपातला चहा एक थेंबही सांडला नव्हता.

"तुला सांगितलं नाही, म्हटलं चकित करू," तो म्हणाला. "सासूबाईंचं बाळ माळ्यावरून काढलं, डोकं चिकटवलं आणि काल कुंपणाखाली ठेवलं. आता ते अपघातानं तुटलेलं आहे ना गं?"